एकतीस दातांचा बळीराम

सक्करदरा, नागपूर
१४ जून १९७१

ती. यमुताईस,
बळीरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. महादेवराव भाऊजींची आणि संत्र्याच्या बागेची खुशाली कळवावी. काटोलच्या बसच्या कंडक्टरजवळ एक पुडके दिले आहे. त्यात डझनभर डब्या आहेत. डबी हातात घेतल्यावर दचकू नकोस. तिच्यावरचा माणूस मी आहे.

नीट सांगतो. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागून मला सहा वर्षे झाली. शाळा आठवीत सुटली, पण शब्द उलटे वाचायला मी तिथे शिकलो. या हातांनी हत्ती छाप बिडीची लेबले जुळवली, कमळ छाप साबणाची जुळवली. हत्तीने कधी बिडी ओढली नाही आणि कमळाने कधी कपडे धुतले नाहीत, तरी लोक दुकानात जाऊन "हत्ती द्या" म्हणतात. मला वाटू लागले, मालाला तोंड लागते. ज्याला तोंड नाही त्याला कोणी हाक मारत नाही.

मंजन मायचेच आहे. बाभळीची साल, कडुनिंब, लवंग, तुरटी, सैंधव. आपल्या बेशात अख्खे गाव तिच्याकडून पुडीने नेत असे. छाप कोणती, हे तिला कोणी विचारले नाही. माय दारात दिसली की पुरे होते. पण शहरात कोण कोणाला ओळखतो? म्हणून मी माणूसच डबीवर बसवला. स्टुडिओत फोटो काढला, छपाईसाठी त्याचा ब्लॉक करून घेतला, आणि "बळीराम छाप दंतमंजन" ही अक्षरे मी स्वतः जुळवली. प्रूफ तीनदा तपासले. तरी चूक सापडली तर कळव.

घरमालकीण कांताबाई खलबत्त्याच्या आवाजाला वैतागली आहे. म्हणते, "कोणाले कुटून राहिला गा तू रोजच्या रोज?"

तुझे मत कळव. घाई नाही, पण लवकर कळव.

तुझा,
बळीराम


काटोल
२२ जून १९७१

चि. बळीरामास यमुचा आशीर्वाद.

पुडकं भेटलं. डबी पाहिली. हा कोण पाहुणा आहे गा? केस तुह्ये, कान तुह्ये, शर्टाचं वरचं बटण गळ्यापावतो लावलेलं तेही तुह्यंच. पण समोरचा दात कुठून उगवला? तो दात तर मी स्वतः पाडला. बेशाच्या पांदणीत, विटी माही, दांडू माहा अन् तोंड तुह्यं. मायले आपण सांगितलं का बळीराम बैलगाडीवरून पडला. मायनं सगळं ऐकून घेतलं अन् मले दोन ठेवून दिल्या, तवाच समजलं का तिले समजलं.

तुहा स्टुडिओवाला दात लावून देते का? मंग माह्या सासूले घेऊन येते. तिले बत्तीसच्या बत्तीस पाह्यजे.

मंजन मात्र मायचंच. चिमूटभर तोंडात घातलं अन् डोळ्याले पाणी आलं. तुरटीनं असन.

मायचा फोटो काहून नाही लावला, असं इचारणार होती. मंग आठवलं, मायचा फोटो कधी कोणी काढलाच नाही. तुहा लावला ते बरं केलं. तोंड तुह्यं मायवरच गेलं आहे. त्या दाताची गोष्ट सोड.

अजून दोन डझन पाठव.

यमु


सक्करदरा, नागपूर
१ जुलै १९७१

ती. यमुताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझे कार्ड मिळाले. ताई, हात जोडून सांगतो, यापुढे कार्डावर लिहू नकोस. आंतरदेशीय पत्र घे आणि त्याच्या कडा नीट चिकटव. पोस्टमनने कार्ड कांताबाईच्या हातात दिले, कांताबाईने ते दारात उभ्याउभ्या वाचले आणि मला देताना माझ्या तोंडाकडे असे पाहिले, जसे कोणी बैल विकत घेताना पाहते.

दाताचे असे झाले. स्टुडिओत मी ओठ मिटून बसलो होतो. फोटोवाला म्हणाला, "मंजनवाला अन् तोंड बंद? हसा ना!" मी हसलो. त्याने काळ्या कापडातून डोके बाहेर काढले, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाला, "असं आहे होय. फिकर नको. ब्रशनं भरून देतो." मी हो म्हटले. फोटो आला तेव्हा मी कितीतरी वेळ त्या दाताकडेच पाहत राहिलो. तो दात मला असता तर मी कसा बोललो असतो, कोणाकोणाशी बोललो असतो, असे काय काय मनात आले. तुला ठाऊक आहे, मी वरचा ओठ खाली ओढून बोलतो. छापखान्यात मला मौनीबुवा म्हणतात. दुकानात गेलो की डबी पुढे करतो आणि तोंड मागे ठेवतो.

आता मुख्य गोष्ट. गांधीबागेत गणपतराव नावाचे मोठे ठोक व्यापारी आहेत. त्यांचा माल वर्धा, भंडारा, चांदा, सगळीकडे जातो. त्यांनी डबी उघडली, चिमूट दातांवर घासली, मोरीत थुंकले आणि म्हणाले, "मंजन फर्स्ट क्लास. लेबल थर्ड क्लास."

मी विचारले, "शुद्धलेखनाची चूक आहे का?"

ते पेढीवरच्या मुनीमजीकडे पाहून हसले. "अरे बाबू, तू कोण आहेस? लीडर आहेस? पहेलवान आहेस? लोक तुझं थोबाड घरात काहून ठेवतील? तिथं एक हसणारी बाई टाक. नाव ठेव 'मोतीदाणा'. खाली माझ्या पेढीचं नाव. मग तू जेवढं कुटशील तेवढं मी उचलतो."

हो म्हटले तर छापखाना सोडून मंजनच करत बसता येईल. नाही म्हटले तर सायकलवर डब्या बांधून सक्करदरा ते इतवारी फिरायचे, आता फिरतो तसे. त्यांनी पोळ्यापर्यंत मुदत दिली आहे. तेव्हापासून माझे जेवणात लक्ष नाही. एकदा वाटते, नाही म्हणावे. मग वाटते, ते बरोबरच विचारतात. मी कोण?

एक विनंती आहे. दाताची गोष्ट तिकडे कोणालाही सांगू नकोस. भाऊजींनाही नको. ज्याचा स्वतःचा दात जागेवर नाही त्याचे मंजन कोण घेईल?

दोन डझन पाठवले आहेत.

तुझा,
बळीराम


काटोल
१० जुलै १९७१

चि. बळीरामास आशीर्वाद.

घे तुह्यं आंतरदेशीय. कडा अशा चिकटवल्या का तुले आता चाकू लागन.

त्या गणपतरावाले एक इचार. पेढीच्या पाटीवर तुमी स्वतःचं नाव काहून लावलं म्हणा? तिथं हसणारी बाई काहून नाही बसवली?

आमच्या घरीही तेच चालू आहे. डबी पाहून हे म्हणतात, "जिवंत माणसाचा फोटो असा गोल चौकटीत? हार घालाचाच राहिला फक्त." मी म्हणली, "तुमच्या बागेचं संत्रं दिल्लीले जाते. तिथं खाणाराले महादेवराव माहीत आहे का? पेटीवर नाव कोणाचं? व्यापाऱ्याचं. मंग माह्या भावानं आपलं तोंड लावलं तर तुमच्या पोटात काहून दुखते?" दुसऱ्या दिवशी विहिरीवर पाहते तर पाठ करून त्याच मंजनानं दात घासून राहिले होते.

तू नीट इचार कर. आज मोतीदाणा म्हणून इकलं अन् उद्या गणपतरावानं दुसऱ्या कोणाकडून कुटून घेतलं, तर तू कोणत्या तोंडानं सांगशीन का हे माह्या मायचं आहे? तोंड तर तूच पुसून दिलं असन.

अन् "मी कोण" हे काय लावलं? तू गोपिकाबाईचा बळीराम. बेशात हे सांगितलं का लोक खाट टाकून देत होते.

दोन डझन संपल्या. कशा संपल्या ते भेटल्यावर सांगीन. आता चार डझन पाठव. दाताचं मनाले लावून घेऊ नको, ते माह्यावर सोड.

यमु


सक्करदरा, नागपूर
७ ऑगस्ट १९७१

यमुताईस,

दाताचे तुझ्यावर सोडले होते. त्याचे काय झाले ते वाच.

परवा गणपतरावांच्या पेढीवर गेलो होतो. तुझे पत्र वाचून नाही म्हणायचे जवळजवळ ठरवले होते, वाक्यही मनात जुळवून ठेवले होते. पायरी चढतो तोच मुनीमजी ओरडले, "आइये, आइये, एकतीस दातवाले!" गाठी बांधणारे हमालसुद्धा हसले. गणपतरावांनी माझी डबी उजेडात धरली, फोटोतल्या दातावर नख ठेवले आणि विचारले, "हा दात खोटा. मग मंजन खरं कशावरून?"

जुळवलेले वाक्य विस्कटून गेले. ते म्हणाले, "आता बाईच टाकावी लागेल, बाबू. थोबाड गेलं."

एवढ्यावर थांबले असते तर मी सोसले असते. पण आमच्या गल्लीतल्या मंडळाचा दादाजी आणि त्याचे पोट्टे या वर्षी माझा बडग्या करत आहेत. तू मायच्या कडेवर बसून मारबत पाहिली आहेस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, इतवारीतून मारबत, ती कागदाची अवाढव्य बाई, निघते आणि तिच्यामागे बडगे. गावाला नको झालेल्या माणसांचे बांबूचे, गवताचे, कागदाचे पुतळे. रोगराई घेऊन जा म्हणत मिरवायचे, शिव्या द्यायच्या आणि शेवटी जाळायचे. लाच खाणारा, साठेबाज, लबाड दूधवाला, अशांचे करतात. त्यांच्या रांगेत आता मी.

माझ्या बडग्याचे डोके कांताबाईच्या भिंतीला टेकवून वाळत ठेवले आहे. माझ्यासारखाच डाव्या बाजूचा भांग. गळ्यापर्यंत लावलेले बटण. तोंड मोठे उघडलेले, आणि पांढऱ्या दातांच्या मधोमध डांबराने काढलेली एक काळी खिडकी. कामावर जाताना त्याच्यासमोरून जावे लागते. काल कांताबाई म्हणाली, "तुह्यापेक्षा चांगला झाला गा, हसून तरी राहिला."

हे सगळे तुझ्या त्या पहिल्या कार्डाने झाले. पोस्टमनने वाचले, कांताबाईने वाचले, दादाजीपर्यंत गेले आणि तिथून गांधीबागेपर्यंत. तुला थट्टा सुचली. लहानपणी दात पाडलास, आता नाव पाडलेस.

मी ठरवले आहे. पोळ्याच्या दिवशी गणपतरावांना होकार देणार, आणि करीला सकाळच्या बसने काटोलला येणार. त्या दिवशी गावात नसलेले बरे. घरात उरलेल्या डब्या पाण्यात भिजत घातल्या आहेत, म्हणजे लेबले सुटतील.

बळीराम


काटोल
१२ ऑगस्ट १९७१

बळीराम,

आधी डब्या पाण्यातून काढ अन् फडक्यावर वाळत घाल. मंग बसून हे वाच.

त्या बिचाऱ्या कार्डाचा काही दोष नाही. पोस्टमनचाही नाही. मुनीमाले मीच सांगितलं, तिथूनच दादाजीपावतो गेलं असन. तो मुनीम आहे हे मले तवा काय माहीत? तुह्यं पत्र वाचून बाजारात इचारलं तवा समजलं. काळ्या टोपीवाला एक माणूस बाजारात हुबा होता, तोही ऐकत होता एवढंच.

आता कसं झालं ते आइक. तुह्या पहिल्या डझनातल्या डब्या घेऊन मी बाजाराच्या दिवशी अंजनाबाईच्या वांग्याजवळ बसली. एक डबी गेली नाही. बाया हातात घ्यायच्या, उलटीपालटी करायच्या, "हा कोण बाबू वं?" म्हणायच्या अन् ठेवून द्यायच्या. दुपारी प्रयागबाई आली. ऐंशीची बाई, तोंडात मोजून चार दात. तिनं डबी डोळ्याजवळ नेली अन् म्हणली, "असे दात मंजनानं नाही होत पोरी, पैशानं होतात. ठेव तुह्यं."

मले राग आला. मी म्हणली, "आजी, त्यातला एक दात खोटा आहे. खरा मी पाडला. हा माहा भाऊ आहे."

"तू पाडला? कायनं?"

"विटीनं."

मंग सगळं सांगितलं. पांदण, दांडू, बैलगाडीची थाप, मायच्या दोन ठेवलेल्या. माणसं जमली. अंजनाबाई वांगे तोलाचे सोडून हसत बसली. प्रयागबाईनं इचारलं, "अन् बाकीचे दात?"

"बाकीचे एकतीस जागेवर आहेत आजी. त्याईनं तो सुपारी फोडते. मायच्या ह्याच मंजनानं घासले जन्मभर."

"मंग हे आधी सांगाचं ना वं! दे एक."

त्या दिवशी घरी मी रिकामी टोपली घेऊन आली. आता तर कोणी बळीराम छापही नाही म्हणत. "ते एकतीस दातवालं दे वं" म्हणतात. तू जे लपवून राहिला, तेच मी इकून राहिली. तुले आधी नाही सांगितलं, कारण तू मले गप्प बस म्हणला असता अन् मी तरी बसली नसती. उगाच दोघाईचा जीव खराब.

अन् तो मुनीम. तुले एकतीस दातवाले म्हणला ना? त्यानं माह्याजवळून दोन डब्या घेतल्या, हे त्यानं सांगितलं का पेढीवर?

आता बडग्याचं. बडग्या कोणाचा करते गा गाव? ज्याले ओळखते त्याचा. मोतीदाण्याचा बडग्या कधी कोणी करीन का? करतो म्हणलं तरी त्याले तोंड कोणाचं लावन? तुह्या बटणापावतो ध्यान ठेवलं त्या पोट्ट्याईनं. तू सायकल फिरवून फिरवून जे मागून राहिला होता ते हेच तर होतं.

एक गोष्ट मात्र गणपतराव बरोबर बोलला. दात खोटा, तर मंजन खरं कशावरून? प्रयागबाईनंही तेच म्हणलं होतं, तिच्या बोलीत. याचं उत्तर माह्याजवळ नाही अन् छापखान्यातही नाही. तुह्या तोंडात आहे. तोंड उघड.

करीले काटोलले येऊ नको. आला तर दार लावून घेईन. खरंच सांगून राहिली.

यमु


सक्करदरा, नागपूर
२३ ऑगस्ट १९७१

ती. यमुताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझ्यावर रागावून लिहिलेले पत्र फाडून टाक. फाडले नसशील तर निदान भाऊजींना दाखवू नकोस.

पोळ्याच्या दिवशी मी गणपतरावांकडे गेलो नाही. होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही, खोलीत बसून राहिलो. आणि खोटे कशाला सांगू, करीच्या सकाळी पिशवी भरून बसस्टँडवर निघालो होतो. तू दार लावलेस तर बेशाला जाईन असे ठरवले होते.

गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर माझा बडग्या उभा केला होता. दोन पुरुष उंच. हातात रॉकेलच्या डब्याची केलेली भली मोठी मंजनाची डबी. दादाजीने माझी पिशवी पाहिली.

"पळून राहिला का बे? अबे, तुहा बडग्या तरी तोंड उघडून हुबा आहे!"

पोट्टे हसले. मी वर पाहिले. खरेच, तो हसत होता. ती काळी खिडकी घेऊन अख्ख्या नागपुरासमोर जायला तो तयार होता, आणि मी ओठ दाबून बस पकडायला निघालो होतो. तो गवताचा, मी हाडामांसाचा. मला एकदम फार राग आला, ताई. दादाजीचा नाही. तुझाही नाही. त्या फोटोतल्या दाताचा.

मी परत खोलीत गेलो, पिशवीतले कपडे खाटेवर ओतले आणि तिच्यात डब्या भरल्या. (तू सांगितल्याप्रमाणे वाळवल्या होत्या. लेबले थोडी चुरगळली आहेत, पण वाचता येतात.) बाहेर येऊन म्हणालो, "चला. मीही येतो."

"कुठं?"

"माझ्या बडग्यासोबत."

बडग्याच्या गळ्यात पाटी होती: "गावाचे दात पाडणारा बळीराम छाप दंतमंजण". आता मंजनाला बाणाचा ण. निघालोच आहे तर हे तरी कशाला सोसायचे, म्हणून मी त्यांच्याकडून ब्रश घेतला, तेवढे नीट केले, आणि खाली मोकळ्या जागेत लिहिले: "एक विटीने गेला. एकतीस मायच्या मंजनाने राहिले." कांताबाईने ओट्यावरून ते मोठ्याने वाचले आणि म्हणाली, "आता बरोबर दिसते."

इतवारीत पोचलो तेव्हा मुंगीला वाट नव्हती. गच्च्यांवर बाया, खांद्यावर पोरे, पुढे पिवळी मारबत, ढोल, आणि सगळीकडे एकच ओरड: "रोगराई घेऊन जा गे मारबत!" मी गाडीचा दांडा धरून चालत होतो. लोक बडग्याकडे पाहत, मग खाली माझ्याकडे, मग परत वर. एका ओट्यावरून एक बाई ओरडली, "अवं, हा तर तोच आहे! ए भाऊ, तोंड उघड ना, पाहू दे!"

मी उघडले.

आठवते तेव्हापासून मी कोणासमोर एवढे तोंड उघडले नव्हते. लोक हसले, खूप हसले. मला वाटले होते त्या हसण्याने मी मरेन. मेलो नाही. मग माझ्या तोंडून निघून गेले, इतक्या जोरात की ढोलवाल्याने वळून पाहिले: "दाढदुखी, किडके दात, घेऊन जा रे बडग्या!" दादाजीने ते उचलले. त्याच्या पोट्ट्यांनी उचलले. पुढच्या चौकापर्यंत लोक माझीच आरोळी माझ्या बडग्याला देत होते, आणि पिशवीतल्या डब्या हातोहात जात होत्या. मौनीबुवाचा घसा अजून बसलेला आहे.

गणपतराव एका ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर उभे होते. मला पाहून खाली आले. "बाबू, हे काय नाटक?"

मी म्हणालो, "नाटक नाही. छाप आहे."

त्यांनी गर्दीकडे पाहिले, पाटीकडे पाहिले. व्यापारी माणूस आहे, डोळ्यांनीच तोलतो. म्हणाले, "बरं, बाई राहू दे. तुझंच थोबाड ठेव. पण ते भोक बुजवलेलं राहू दे, अन् खाली माझ्या पेढीचं नाव."

"भोक बुजवणार नाही," मी म्हणालो. "तुम्हीच विचारलं होतं, दात खोटा तर मंजन खरं कशावरून. आता दात खोटा नाही. आणि खालच्या जागेवर दुसऱ्याचं नाव आहे."

"कोणाचं?"

"माझ्या मायचं."

त्यांनी पाटी परत एकदा वाचली. मग म्हणाले, "विचार करावा लागेल." मी म्हणालो, "करा. दिवाळीपर्यंत मुदत आहे." ताई, हे मी बोललो. निघताना त्यांनी माझ्या पिशवीतली एक डबी उचलून खिशात टाकली. मुनीमजी मागे उभे होते. त्यांना मी विचारले, "काटोलच्या दोन डब्या संपल्या का?" ते ढोल पाहू लागले.

शेवटी सगळे बडगे जाळले. माझाही जाळला. आधी पाय गेले, मग बटण, आणि तोंड सगळ्यांत शेवटी. जळताना ते हसतच होते. सवयीने माझा हात ओठावर गेला. मग मी तो खाली घेतला.

काल परत स्टुडिओत गेलो होतो. फोटोवाल्याला सांगितले, ब्रश आत ठेवा. तो म्हणाला, मंजनाच्या डबीवर असे तोंड त्याने आजवर पाहिले नाही. मी म्हणालो, मग लोकांच्या लक्षात राहील. नव्या लेबलाचे प्रूफ सोबत आहे. वर फोटो, मध्ये "बळीराम छाप दंतमंजन", आणि खाली, गणपतरावांना पाहिजे होते तिथे, "मूळ कृती: कै. गोपिकाबाई, बेसा". मायचे नाव पहिल्यांदा छापले जात आहे. ती अक्षरे जुळवायला मला फार वेळ लागला. चूक असेल तर कळव.

तुझा,
बळीराम


काटोल
२९ ऑगस्ट १९७१

चि. बळीरामास आशीर्वाद.

हे कार्ड मुद्दाम लिहून राहिली. पोस्टमननं वाचावं, कांताबाईनं दारात हुबं राहून वाचावं, दादाजीलेही वाचून दाखवावं. कांताबाई, नमस्कार.

लेबल भेटलं. मायच्या नावावरून बोट फिरवलं, अक्षर बरोबर आहे. ह्यांनी चष्मा लावून पाहिलं अन् म्हणतात, पुढच्या साली संत्र्याच्या पेट्याईवर लावाले आपलंही नाव असंच जुळवून दे म्हणा बळीरामले. फोटो नाही म्हणतात, नुस्तं नाव. होईन तेही.

दात नाही हे आता सगळ्याईले दिसते. ते चांगलं झालं. पण खरं सांगू का गा, तू हसून नाही राहिला. ओठ वर करून दाखवून राहिला नुस्ता, डॉक्टरले दाखवते तसा. अशा तोंडाले पाहून प्रयागबाई इचारन का अजून दुखते का म्हणून.

फोटो परत काढ. पुढच्या आठवड्यात मी येऊन राहिली, कॅमेऱ्याच्या मागं हुबी राहीन.

येताना दांडू आणते.

यमु